सातव्या मजल्याची पायरी

त्या इमारतीला मजले सहाच होते. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण गोष्ट सातव्यावर जाणार आहे आणि तेव्हा कुणी म्हणायला नको की मोजदाद चुकली. खालून मोजा, वरून मोजा, सहाच. सहाव्याच्या डोक्यावर लिफ्टच्या यंत्राची खोली, तिच्या डोक्यावर पाण्याची टाकी आणि टाकीच्या डोक्यावर कबुतरं.

सहाव्यावरच्या शेवटच्या दारात लिफ्टचा मिस्त्री राहायचा. सगळी इमारत त्याला बुडबुडेकाका म्हणायची, ते त्याच्या खिशातल्या पाणसळीमुळे. बोटभर काचेची नळी, नळीत पाणी, पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की जमीन सपाट. लिफ्ट थांबल्यावर आतली फरशी आणि बाहेरची फरशी अशी एक व्हावी, की डोळे मिटून चालणाऱ्यालाही आपण कधी बाहेर पडलो ते कळू नये, हा त्याचा धर्म. नखभर पायरी राहिली तरी त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. एकदा पोट दुखतं म्हणून डॉक्टरांनी त्याला टेबलावर निजवलं, तर हा शेजारी पाणसळ ठेवून म्हणाला, "डॉक्टर, पायाकडे उतार आहे. दुखणं घरंगळत तिकडं गेलं असणार, तिकडं बघा."

त्याची बायको, म्हणजे इमारतीची काकू, सांगायची, "लग्न होऊन घरात आले, तर हे आधी पलंगाखाली शिरले. मला वाटलं, माणूस लाजाळू आहे. बराच वेळ बाहेर येईनात म्हणून वाकून बघते, तर पलंगाच्या पायाखाली पुठ्ठा सरकवतायत."

काकूला दमा होता. श्वास घेतला की छातीत बारीक गुरगुर व्हायची. नवराबायकोने त्या गुरगुरीला मांजर म्हणायचं ठरवून टाकलं होतं. सकाळी मिस्त्री विचारायचा, "मांजर उठलं का?" काकू म्हणायची, "उठलंय, दूध मागतंय." दूध म्हणजे पंप. तोंडात धरून दाबायचा, औषधाचा फवारा आत गेला की मांजर पाय दुमडून झोपायचं. असं वर्षानुवर्षं चाललं होतं आणि पुढेही चाललं असतं. पण मध्येच बंदी आली.

बंदी आली ती रेडिओवरून. दूरच्या बड्या देशांचं इथल्या राज्यकर्त्यांशी बिनसलं होतं. कशावरून, ते दोन्हीकडचे वेगवेगळं सांगत. म्हणून त्यांनी इथे माल पाठवणंच बंद केलं. बड्या देशांचा कुणी साहेब अगदी मऊ आवाजात म्हणाला, की ही बंदी जनतेवर नाही, वरच्या मंडळींवर आहे, आणि औषधांना तर तिच्यातून पूर्ण मोकळीक आहे. काकूने पंप हातात धरून ते ऐकलं आणि म्हणाली, "बघा, माणसं वाईट नाहीत."

मोकळीक होतीच. खोटं कुणी बोललं नव्हतं. फक्त औषध आणणाऱ्या जहाजाचा विमा कुणी उतरवेना, व्यवहारात हात घालायला कुठली बँक धजेना, आणि औषध बनवणारे म्हणाले, उगाच कशाला लचांड गळ्यात. वरची मंडळी काळ्या काचांच्या गाड्यांतून पूर्वीसारखीच फिरत होती. झाली असलीच तर थोडी जाड झाली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, यात नवं काही नाही. नवं इतकंच, की फास आवळताना संन्याशाच्या कानात सांगत होते, हा तुझ्यासाठी नाही बरं का.

कोपऱ्यावरचा औषधवाला अण्णा हा त्यातला पहिला संन्यासी. जन्मभर लोकांना औषधं दिली, आणि स्वतः साखरेचा जुना रोगी. आपल्याच दुकानात, रिकाम्या फडताळांसमोर बसून, आपल्याच इंजेक्शनची वाट बघता बघता गेला. जाण्याआधी दुकानातला शेवटचा पंप त्याने काकूसाठी बाजूला काढून ठेवला होता. काकू तो दाबायच्या आधी कानाशी धरून हलवायची, आत अजून काही बोलतंय का ते बघायला.

शहर मग उसन्या भागांवर जगायला शिकलं. नवा भाग बाहेरून यायचा नाही, तेव्हा मेलेल्या यंत्राचा काढून जिवंत यंत्राला बसवायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्रिजला जुन्या बसचा कुठलासा भाग बसवला, तर तो दिवसभर थांबत थांबत चालायचा, आणि प्रत्येक थांब्याला असा धक्का द्यायचा की आतली अंडी पुढे सरकून बसायची. गल्लीतल्या न्हाव्याच्या खुर्चीला दातांच्या डॉक्टरकडचे सुटे भाग होते; तिच्यात बसलं की गिऱ्हाईक आपोआप आ वासायचं. म्हणून मिस्त्री लोकांत एक रीत पडली. उसना भाग बसवला की वीज सोडण्याआधी त्याला नव्या घराची ओळख करून द्यायची. हे कोण, ते कोण, तुझं काम काय. नाहीतर भाग जुन्या घरच्या खोडी सोडत नाही.

अशात इमारतीची लिफ्ट गेली. यंत्राच्या खोलीत एक पेटी असते, तिला पॅनेल म्हणतात. लिफ्टने कुठे थांबायचं ते ती सांगते. ती जळाली. लिफ्टच्या कंपनीने कळवलं, की सध्याच्या परिस्थितीत भाग पाठवता येत नाही, मात्र आमच्या शुभेच्छा आपल्याबरोबर आहेत.

"शुभेच्छा किती व्होल्टच्या आहेत ते विचारा," मिस्त्री म्हणाला. "बसत असतील तर बसवतो."

काकू सहाव्यावर अडकली. जिना उतरली असती एक वेळ, पण परत चढणं मांजराला मंजूर नव्हतं. तेव्हा मिस्त्रीने हातपाय हलवले. शहराच्या टोकाला परदेशी पाहुण्यांचं एक उंच हॉटेल होतं. पाहुणे यायचे थांबले तसं ते ओसाड पडलं आणि लोक त्याचं एकेक हाड सोडवून नेऊ लागले. मिस्त्रीने तिथल्या लिफ्टचं पॅनेल आणलं. बरोबर वजनाचा काटाही आणला. तो केबिनच्या आत लावला की आत किती माणसं आहेत ते दाखवायचा. रीतीप्रमाणे पॅनेलवरून फडकं फिरवून तो म्हणाला, "हे सहा मजल्यांचं घर. तुझ्या मानाने गरिबाचं आहे, पण माणसं बरी आहेत. सहाच हं." पॅनेलने टक् केलं. मिस्त्रीला तो होकार वाटला.

हॉटेलात वाढलेलं पॅनेल ते. त्याला सहावर थांबायची सवय कुठली?

पहिली तक्रार घेऊन आली तिसऱ्या मजल्यावरची शिंपीणबाई. दारातच बसली आणि गुडघा चोळू लागली.

"बुडबुडेकाका, तुमची लिफ्ट वर जाते."

"लिफ्ट आहे, बाई. वर जाणार, नाहीतर खाली. आडवी जायला लागली की सांगा."

"सहाव्याच्या वर जाते म्हणते मी. गच्चीवर जायला म्हणून सहाव्याचं बटण दाबलं. दार उघडलं तर समोर लांबलचक वाट, खाली गालिचा, सगळे दिवे लागलेले. आणि माझी बहीण कापड बेतत बसलेली."

शिंपिणीची बहीण बंदीतच गेली होती. तिच्या किडन्या गेलेल्या, आणि रक्त धुणारं यंत्र सामानावाचून बंद पडलं होतं. तिला स्मशानात पोचवायला मिस्त्री स्वतः गेला होता.

"म्हणाली, दारात काय उभी, ये ना आत. मी जाणारच होते. पण लिफ्ट हातभर खाली थांबलेली. चढायला गेले तर गुडघा असा आपटला म्हणून सांगू, ठणका मस्तकात गेला. आणि तशी आठवण झाली, की खाली इस्त्री चालू राहिलीय. परत फिरले."

दुसरा कुणी असता तर गालिच्याचं विचारलं असतं, बहिणीचं विचारलं असतं. मिस्त्रीचा चेहरा मात्र निराळ्याच कारणाने उतरला.

"हातभर खाली?" तो म्हणाला. "माझी लिफ्ट?"

दुपारी तो हत्यारं घेऊन एकटाच लिफ्टमध्ये शिरला. काटा एकवर आला. सहावा मजला गेला, आणि लिफ्ट काही झालंच नाही अशा थाटात वर चालत राहिली. दार उघडलं. गालिचा होता, दिवे होते, आणि पायरी खरोखरच हातभर होती. मिस्त्रीची नडगी खरचटली. चरफडत तो वर चढला. वाटेच्या टोकाला एक दुकान होतं. दुकानातली फडताळं छतापर्यंत भरलेली होती आणि त्यांच्या पुढे औषधवाला अण्णा बाही दुमडत उभा होता.

"या मिस्त्री. काकूंचा पंप ना? निळा?"

समोरच्या माणसाला, अहो तुम्ही मेलात ना, असं तोंडावर म्हणायची आपल्यात पद्धत नाही. मिस्त्री म्हणाला, "अण्णा, दुकान बंद होतं ना तुमचं?"

"का म्हणून? माल तर रोज येतोय."

"आणि बंदी?"

"कसली बंदी?"

अण्णाने हे इतक्या सरळ मनाने विचारलं की मिस्त्री एक पाऊल मागे सरला. वाटेच्या दोन्ही अंगांची दारं हळूच उघडली आणि त्यांतून डोकी बाहेर आली. सगळी ओळखीची. सगळीच तो कधी ना कधी पोचवून आला होता. कुणाच्या चेहऱ्यावर दुखण्याचा मागमूस नव्हता. ती त्याच्याकडे बघत होती ती रागाने नव्हे, लोभानेही नव्हे. शेजारी नवं बिऱ्हाड आलं की बघतात तशी.

पंप घेऊन तो धावत खाली आला. काकूने तो कानाशी धरला, हलवला, तोंडात धरून दाबला. नुसती हवासुद्धा आली नाही.

"अण्णांनी फसवलं की हो," काकू म्हणाली. जिवंतपणी त्याने तसं कधी केलं नव्हतं.

तेव्हा मिस्त्रीच्या लक्षात आलं, की तिथला माल तिथेच चालतो. आणि त्याच आठवड्यात काकूचा खालचा, खरा पंपही बोलायचा थांबला. मांजर आता झोपेना. काकूचे ओठ शाईच्या दौतीसारखे निळे दिसू लागले, आणि एक वाक्य बोलायला तिला दोनदा थांबावं लागे. एका दुपारी मिस्त्रीने तिच्या खांद्यावर शाल टाकली आणि म्हणाला, "चल. हवापालट."

"कुठं?"

"वर."

केबिनचा काटा दोनवर होता. सातव्याला त्याने तिला काखेत हात घालून पायरीवर चढवलं. गालिच्यावर पाय पडला आणि मांजर थांबलं. काकू उभी राहिली, तिने ऊर भरून श्वास घेतला, आणि मग एका दमात म्हणाली, "अगंबाई ही तर पहिल्या मजल्यावरची आजी आणि ही तिची लोकर आणि मला म्हणत होते सगळे की आजी गेली म्हणून." मिस्त्रीने एवढं लांब वाक्य तिच्या तोंडून कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. कोण मेलेलं आणि कोण जितं हा हिशेब त्याने त्या दुपारपुरता बाजूला ठेवला.

मग रोजच सुरू झालं. जेवणं झाली की वर, दिवे लागायच्या आधी खाली. उतरताना मात्र ती पायरी काकूच्या गुडघ्याला झोंबायची. "आई गं," ती म्हणायची आणि त्या शब्दाबरोबर मांजर जागं व्हायचं. एकदा ती चांगलीच अडखळली. घोटा सुजला. पलंगावर पाय लांब करून तिने नवऱ्याला सुनावलं.

"जगाच्या लिफ्टी सपाट करत हिंडता. आणि बायकोच्या वाट्याला पायरी."

हे बोलणं मिस्त्रीला जिव्हारी लागलं. शहरात दुसऱ्या कुणाला लागलं नसतं, त्याला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो केबिनच्या टपावर उभा राहून सातव्याला गेला. लिफ्टच्या विहिरीत, भिंतीला, मजल्यागणिक एक लोखंडी पट्टी असते. पट्टीपाशी आलं की लिफ्ट थांबते. पट्टी हातभर खाली, तर लिफ्ट हातभर खाली, इतकं सोपं. त्याने वर पाहिलं. जिथे स्लॅब असायला हवा होता तिथे नुसता अंधार होता, दोर त्या अंधारात वर वर गेला होता, आणि टाकीवरच्या कबुतरांचं घुमणं पायाखालून ऐकू येत होतं. त्याने वर बघणं सोडलं आणि काम केलं. नट ढिले केले, पट्टी हातभर वर घेतली, नट असे आवळले की पुन्हा कुणाच्या बापाला सुटू नयेत. मग उंबऱ्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा इकडे तिकडे न बघता थेट मधोमध येऊन उभा राहिला. बंदी आल्यापासून मनासारखं झालेलं हे पहिलं काम. मिस्त्री स्वतःशीच हसला.

दुपारी काकू गालिच्यावर अशी गेली की तिला ते कळलंही नाही. बोलत होती, बोलतच गेली.

दुकानातून अण्णा पुढे आला. उंबऱ्याकडे कौतुकाने बघत म्हणाला, "वा, मिस्त्री. आता कसं झालं. आम्ही आलो तेव्हाही असंच गुळगुळीत होतं. कधी आलो ते कळलंच नाही."

मिस्त्रीने ती शाबासकी समजून घेतली. कामाच्या माणसाचे कान शाबासकीला हपापलेले असतात. तीत दुसरं काही असेल हे त्यांना ऐकू येत नाही.

"अहो, माझा चष्मा खाली राहिला," काकू म्हणाली. आजीने तिच्या हातात विणायच्या सुया दिल्या होत्या. "खिडकीपाशी असेल. आणता का?"

तो गेला. सहाव्याला उतरला, दार ढकललं, आणि खिडकीपाशी बघितलं.

खिडकीपाशी, आपल्या नेहमीच्या खुर्चीत, काकू बसली होती. मान जराशी कललेली. चष्मा मांडीवर.

"अगं," मिस्त्री म्हणाला, "तू माझ्याआधी कशी आलीस?"

काकू काही बोलली नाही. खोली इतकी शांत होती की नळाचा एकेक थेंब ऐकू येत होता. मिस्त्रीने मांजराची वाट बघितली. मांजर नव्हतं. त्याने तिचा हात हातात घेतला. हात गार पडत चालला होता. अजून पुरता पडला नव्हता, चहाचा कप विसरून राहिला की पडतो तितका.

आणि मग अण्णाचं वाक्य त्याच्या कानात पुन्हा वाजलं, या वेळी शाबासकीवाचून. कधी आलो ते कळलंच नाही. शिंपिणीचा गुडघा आपटला म्हणून तिला इस्त्री आठवली. काकूचा रोज आपटायचा म्हणून ती रोज आई गं म्हणायची आणि खाली यायची. खालचं आणि वरचं यांच्यामध्ये काही उरलं असेल तर ती एक पायरी होती. आणि ती त्याने स्वतःच्या हातांनी, पाणसळ लावून, काढून टाकली होती.

लिफ्ट वर जाईपर्यंत त्याने केबिनच्या भिंतीवर मुठी आपटल्या. दार उघडलं.

"चल, घरी जाऊ."

"आत्ताच तर आले," काकू म्हणाली. चार ओळी विणून झाल्या होत्या. "आणि कुठल्या घरी?"

"आपल्या. सहाव्यावरच्या."

"बरं," ती म्हणाली, एखाद्या पाहुण्याचं मन राखावं तशी, आणि उठून केबिनमध्ये आली. काटा एकवर होता. मिस्त्रीने काच पुसून बघितली. एकच. तो बाहेर आला, तिला आत ठेवून. काटा सावकाश मागे गेला आणि तळाच्या शून्याला टेकला.

"काय बघताय?" काकूने विचारलं.

"काही नाही. तू बाहेर ये. इथे आजीपाशी थांब आणि मी हाक मारली की ये."

तो टपावर चढला. पाना नटावर चढवला. नट हलेना. सकाळी आवळलेला होता तो, आणि कुणी आवळला होता? आयुष्यात पहिल्यांदा मिस्त्रीने आपल्या कामाला शिव्या दिल्या. खाली उंबऱ्यापाशी अण्णा येऊन उभा राहिला, त्याच्यामागे शिंपिणीची बहीण, तिच्यामागे बाकीची दारंच्या दारं.

"मिस्त्री, का बिघडवताय?" अण्णा हळू आवाजात म्हणाला. "इतकं छान झालं होतं."

"राहू द्या ना त्यांना," बहीण म्हणाली. "इथे सगळं मिळतं."

"मिळतं, बाई," मिस्त्री पान्यावर भार टाकत म्हणाला. "तेच तर."

तिला ते कळलं नाही. कळण्यासारखं तिच्याकडे काही उरलं नव्हतं. नट करकरला, सुटला. मिस्त्रीने पट्टी खाली ओढली, हातभर, मग आणखी थोडी. इतकं वाईट काम त्याने कधी केलं नव्हतं. केबिन दचकत खाली बसली.

"ये," त्याने हाक मारली.

काकू आजीशी बोलत बोलत आली. खाली बघायची तिला सवयच राहिली नव्हती. पाऊल पुढे टाकलं, त्याखाली काही नव्हतं, आणि ती गुडघ्यावर आदळली, असा आवाज करून की टपावरच्या मिस्त्रीने डोळे मिटून घेतले.

"आई गं. मेली ही पायरी."

टपाच्या झरोक्यातून मिस्त्रीने खाली बघितलं. काकू गुडघा धरून बसली होती. काटा थरथरला, एकवरून निघाला, मध्येच रेंगाळला, आणि दोनवर जाऊन उभा राहिला. त्याबरोबर, पत्र्याच्या पलीकडून, बारीक, खरखरीत, अत्यंत नाखुशीने, मांजर बोललं.

मिस्त्रीने उरलेले नट काढले आणि पट्टी खिशात घातली. सातव्याला थांबायचं लिफ्टला काही कारणच उरलं नाही. ती खाली निघाली. वर उंबऱ्यावरची माणसं लहान लहान होत गेली. कुणी हात हलवला नाही, कुणी रागावलं नाही. टपावर आडवा पडून, पत्र्याला कान लावून, मिस्त्री घरापर्यंत ती गुरगुर ऐकत आला. खुर्ची रिकामी होती. तिच्या बैठकीवर चष्मा पडला होता.

"हा काय, इथेच तर होता," काकू धापा टाकत म्हणाली. "तुम्हाला कधी... काही... सापडलंय?"

दुसऱ्या दिवशी शिंपीणबाई दारात आली. बसली नाही.

"काका, माझ्या बहिणीचा मजला कुठे गेला?"

मिस्त्रीने खिशातली पट्टी काढून दाखवली आणि खुर्चीचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमचं माणूस खाली आलं, आणि तुम्ही दार लावून घेतलंत."

मिस्त्रीने पट्टी परत खिशात घातली. शिंपीण त्यानंतर जिन्यानेच ये-जा करू लागली.

काकू कशी तगली, ते तिलाच माहीत. कधी कुणाच्या मावशीच्या बॅगेतून, कधी कुणा खलाशाच्या बुटातून एखादा पंप यायचा. मध्ये वाफ, मध्ये नुसतंच उशीला टेकून बसणं. मांजर रात्रंदिवस गुरगुरायचं आणि मिस्त्री त्या गुरगुरीवर डोकं ठेवून गाढ झोपायचा.

मग एके दिवशी बंदी उठली. आली तशीच, रेडिओवरून. इकडचे आणि तिकडचे साहेब एकमेकांचे हात हातात घेऊन हसले. रेड्यांचं जमलं, झुडपांना कुणी विचारलं नाही. पंप खोक्यांनी आले. लिफ्टच्या कंपनीने नवं पॅनेल पाठवलं, बरोबर एक गोड बोलणारा इंजिनिअर. त्याने हॉटेलचं पॅनेल काढून टाकलं, जुना काटाही काढला, म्हणाला याची आता गरज नाही, आणि लाल प्रकाशाच्या रेघेने सहाच्या सहा मजले असे सपाट करून दिले की मिस्त्रीनेही मान डोलवावी. बुडबुडा प्रत्येक मजल्याला मधोमध.

काकूने नव्या पंपाचे दोन फवारे घेतले. मांजराने पाय दुमडले. घरात कितीतरी दिवसांनी शांतता झाली.

ती शांतता मिस्त्रीला सोसवेना. काकू खिडकीपाशी खुर्चीत बसली, की तो स्वयंपाकघरातून काहीतरी विचारायचा, "मीठ कुठंय?" काकू म्हणायची, "तुमच्या हातात." तेवढ्यापुरता त्याचा जीव भांड्यात पडायचा. ती बाहेर जाऊन लिफ्टने परत यायची, दार उघडायची, बोलत बोलत आत यायची, तर तो आधी खुर्चीकडे बघायचा, मग तिच्याकडे. काटा तर आता नव्हताच. शेवटी एका सकाळी तो पाना घेऊन विहिरीत उतरला आणि सहाव्याची पट्टी दोन बोटं खाली घेतली.

इमारतीत गवगवा झाला. बुडबुडेकाकाच्या दारातच पायरी, म्हणजे दिव्याखाली अंधार, असं लोक म्हणाले. सेक्रेटरीने दोनदा सांगून पाहिलं. मिस्त्री म्हणायचा, "हो, करतो उद्या."

दुपारी काकू फिरून येते तेव्हा तो दाराच्या आत उभा राहून कान देतो. लिफ्ट थांबते. कधी कधी दार सरकतं आणि जी पावलं बाहेर पडतात, ती अडखळत नाहीत. गालिच्यावरून चालावं तशी मऊ, त्याच्या दारावरून पुढे जातात, तिथे पुढे भिंतच आहे तरी जातात. तेव्हा मिस्त्री कडीला हात लावत नाही. औषधवाल्या अण्णाच्या पायांचा आवाज त्याला ओळखू येतो, आणि शिंपिणीच्या बहिणीच्याही. तो त्यांना जाऊ देतो, खाली बघत उभा राहतो.

मग पुन्हा लिफ्ट येते. दार सरकतं. धप् होतं.

"आई गं," काकू म्हणते. "अहो, ही मेली पायरी कधी काढणार आहात?"

"उद्या," मिस्त्री म्हणतो आणि दार उघडतो.